ब्लॉकचेन : विद्यापीठांत काय शोधले जात आहे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाचे आमंत्रण घेऊन चिटणीसबाई माझ्याकडे आल्या, तेव्हा आहार, आरोग्य किंवा मुलांचा अभ्यास यांपैकी एखादा विषय त्या सुचवतील असे मला वाटले होते. त्यांनी विषय सांगितला ब्लॉकचेन! मी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले हे खरे. परंतु हा शब्द काही आमच्या क्रमिक पुस्तकात नव्हता. "बाई, आम्हांला कळेल इतके सांगा," असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, "आधी मला कळले पाहिजे!"

तरीही मी होकार दिला, त्याला एक कारण घडले. ते सांगण्याची संबंधित भगिनीने मला परवानगी दिली आहे. नाव मात्र सांगत नाही. आपल्याच आळीतील या बाईंना गेल्या वर्षी एका ओळखीच्या गृहस्थाने एक छापील पत्रक आणून दिले. त्यावर लिहिले होते : ब्लॉकचेनवर आधारलेले नाणे, जगातील नामांकित विद्यापीठांत संशोधन झालेले, दरमहा निश्चित परतावा. बाईंनी मुलीच्या शिक्षणासाठी साठविलेले एक लाख ऐंशी हजार रुपये त्यात गुंतविले. तीन महिने मोबाईलवर आकडा वाढताना दिसला. चौथ्या महिन्यात ते पानच उघडेनासे झाले आणि गृहस्थांचा फोनही लागेनासा झाला.

बाई माझ्याकडे आल्या त्या रडायला नव्हे, एक प्रश्न विचारायला. "बाई, विद्यापीठांत संशोधन झाले आहे असे लिहिले होते, म्हणून मी विश्वास ठेवला. मग ते संशोधन खोटे का?"

मला उत्तर देता येईना. माझा एक भाचा अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. त्याच्याकडून काही शोधनिबंध मागवले, जेवढे उमगले तेवढे वाचले, जेथे अडले तेथे त्याला विचारले. आजचे व्याख्यान म्हणजे त्या बाईंना द्यावयाचे राहिलेले उत्तर आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. आपल्या भिशीची वही डोळ्यांपुढे आणा. पानाच्या तळाशी बेरीज येते. ती "पुढील पानावर नेली" असे आपण लिहितो आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर "मागील पानावरून" म्हणून तीच रक्कम मांडतो. मधल्याच एखाद्या पानावरचा आकडा कोणी खोडला, तर पुढच्या सगळ्या पानांचा मेळ चुकतो. ब्लॉकचेनचे तत्त्व याहून फार निराळे नाही. तेथे पानाला ब्लॉक म्हणतात. पानावरील एकूण एक अक्षरावरून गणिताने ठराविक लांबीचा एक आकडा काढतात. त्याला हॅश म्हणतात. आपण त्याला पानाचा ठसा म्हणू. पानावरचा एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलून जातो. मागच्या पानाचा ठसा पुढच्या पानावर लिहावयाचा, त्याचा त्याच्या पुढच्या पानावर. अशी साखळी तयार होते. दुसरी गोष्ट अशी की, ही वही एकट्या खजिनदारबाईंच्या कपाटात राहत नाही. तिच्या नकला अनेक ठिकाणच्या संगणकांवर असतात आणि नवे पान कोणते जोडावयाचे हे सर्वांनी ठरलेल्या नियमाने ठरवावयाचे असते.

ही कल्पना नाण्याहून जुनी आहे, ही गोष्ट त्या पत्रकात नव्हती. १९९१ साली स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा प्रश्न साधा होता : संगणकावरील एखादा कागद अमुक तारखेला होता आणि त्यानंतर त्यात फेरफार झालेला नाही, हे सिद्ध कसे करावयाचे? त्यांनी ठशांची साखळी सुचविली. पुढे त्यांच्या कंपनीने १९९५ पासून असा ठसा दर आठवड्याला न्यूयॉर्क टाइम्समध्ये, हरवले-सापडले यांसारख्या छोट्या जाहिरातींच्या स्तंभात छापण्यास सुरुवात केली. वर्तमानपत्र हजारो घरी गेले की तो आकडा कोणाला मागाहून बदलता येईल? त्यांना नाणे काढावयाचे नव्हते. कागद खरा की खोटा एवढेच त्यांना पाहावयाचे होते.

अनेक घरी वही असल्यावर दुसरी अडचण येते. सर्वांचे एकमत कसे व्हावे, विशेषतः त्यांत काही लबाड असतील तर? हा प्रश्न १९८२ साली लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीझ या तिघांनी सेनापतींच्या गोष्टीच्या रूपाने मांडला. एका शहराला काही सेनापतींनी वेढा घातला आहे. जासुदांकरवी निरोप जातात. काही सेनापती फितूर आहेत. प्रामाणिकांचे एकमत व्हावे कसे? नुसत्या तोंडी निरोपांवर भागवायचे असेल, तर प्रामाणिकांची संख्या दोन तृतीयांशांहून अधिक हवी, असे उत्तर निघाले. १९९९ साली बार्बरा लिस्कोव्ह आणि मिगेल कास्त्रो यांनी हे एकमत व्यवहारात पुरेशा वेगाने घडवून आणण्याची रीत दाखविली. लिस्कोव्हबाईंना २००८ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान. त्याआधी १९९२ साली सिंथिया ड्वर्क या विदुषीने मोनी नाओर यांच्यासमवेत आणखी एक युक्ती सुचविली होती. नको असलेली पत्रे पाठविणाऱ्यांना आळा घालण्यासाठी, प्रत्येक पत्रामागे पाठविणाऱ्याच्या संगणकाला थोडे गणित करावयास लावावे, अशी ती युक्ती. एका पत्राला त्याचा त्रास वाटणार नाही. लाखो पत्रे पाठविणारा मात्र जेरीस येईल. ही युक्ती ध्यानात ठेवा, पुढे विजेच्या बिलात ती भेटणार आहे.

या धाग्यांची एकत्र वीण घातली ती सातोशी नाकामोतो या नावाने लिहिणाऱ्या कोणीतरी. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी या नावाने नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या वहीचे पहिले पान लिहिले गेले. निबंधाच्या शेवटी आधार म्हणून आठ लेखनांची नावे आहेत. त्यांतली तीन हेबर आणि स्टॉर्नेटा यांची. हा निबंध कोणत्याही विद्यापीठातून आलेला नव्हता. नाणे आधी बाजारात आले आणि पंडित त्याच्या मागोमाग आले.

पंडित आले ते काय पाहावयास? २०१६ साली फिनलंड आणि कोरिया येथील पाच संशोधकांनी तोवरच्या निबंधांची पद्धतशीर छाननी केली. त्यांच्या कसोटीला उतरलेले निबंध होते अवघे ४१. त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक केवळ बिटकॉइनविषयी होते, आणि बहुतेकांचा रोख त्यातील उणिवा दाखविण्यावर व त्या दूर करण्यावर होता. भगिनींनो, हे नीट लक्षात घ्या. पत्रकवाला म्हणतो "संशोधन झालेले" आणि आपण समजतो "पसंत केलेले". परंतु डॉक्टर एखाद्याची तपासणी करतात, याचा अर्थ तो धडधाकट आहे असा होत नाही.

त्या पहिल्या काळातील तीन मासले देते. बिटकॉइनच्या वहीत नावे नसतात, केवळ आकड्यांची खूण असते. म्हणून व्यवहार गुप्त राहतो अशी समजूत होती. २०१३ साली कॅलिफोर्नियातील सारा मायकलजॉन या संशोधिकेने सहकाऱ्यांसह ही समजूत खोटी ठरविली. त्यांनी काय केले? स्वतः निरनिराळ्या ठिकाणी खरेदी आणि देवघेव केली, असे ३४४ व्यवहार झाले, आणि कोणती खूण कोणाची हे त्यांवरून जुळवीत नेले. बाजारहाट करून संशोधन! दुसरा मासला त्याच वर्षीचा. नवे पान जोडण्याचा मान मिळावा म्हणून बिटकॉइनमध्ये संगणकांना एक कोडे सोडवावे लागते. निम्म्याहून अधिक बळ एका टोळीच्या हाती जात नाही तोवर भय नाही, असे सर्व मानीत. कॉर्नेल विद्यापीठातील एयाल आणि सिरर यांनी दाखविले की, निम्म्याहून कमी बळाची टोळीही स्वतःला सापडलेली पाने काही वेळ दडवून ठेवून आपल्या वाट्याहून अधिक मिळकत काढू शकते. तिसरा मासला आपल्या आळीपर्यंत येणारा. २०१५ साली मेरी व्हासेक आणि टायलर मूर यांनी बिटकॉइनच्या नावावर चाललेल्या १९२ फसव्या योजना हुडकल्या. नव्यांचे पैसे जुन्यांना परतावा म्हणून देणाऱ्या योजना, नाणी काढून देतो सांगणारे, खोटी पाकिटे, खोट्या पेढ्या असे त्यांचे चार वर्ग त्यांनी पाडले. अशा योजनांत सुमारे १३,००० जणांचे १ कोटी १० लाख डॉलर गेल्याचे त्यांना आढळले. म्हणजे विद्यापीठांत संशोधन झाले होते, हे पत्रकातले वाक्य अक्षरशः खरे होते. संशोधन अशा पत्रकांवरच झाले होते!

पुढचा काळ करारांचा. २०१५ साली इथेरियम नावाची दुसरी साखळी सुरू झाली. तिच्या वहीत नुसत्या जमाखर्चाच्या नोंदी नसतात, आपोआप अमलात येणारे करारही लिहिता येतात. अमुक घडले की तमुक रक्कम तमक्याला जावी, मध्ये कारकून नाही, वकील नाही. २०१६ च्या जून महिन्यात अशाच करारावर उभारलेल्या एका सामाईक निधीतून कोणीतरी सुमारे ३६ लाख नाणी काढून घेतली. कुलूप फोडले नव्हते. करार लिहिण्यातच फट राहिली होती. त्यानंतर इथेरियमच्या बहुसंख्य मंडळींनी मिळून त्या चोरीपुरती वहीच फिरवली. ज्यांना हे पसंत पडले नाही त्यांनी जुनी वही पुढे चालू ठेवली; ती आजही निराळ्या नावाने चालते. "कधीही न बदलणारी वही" माणसांनी ठरविले तेव्हा बदलली, हा धडा त्या प्रसंगाने दिला. त्याच वर्षी सिंगापूरच्या संशोधकांनी १९,३६६ करार यंत्राने तपासले आणि त्यांतील ८,८३३ करारांत धोक्याची शंका दाखविली. तेव्हापासून करार अमलात येण्यापूर्वी तो गणिताने तपासावा कसा, ही संशोधनाची एक मोठी शाखाच झाली आहे.

तिसरा प्रवाह नाण्यापासून दूर गेला. औषधे, धान्य, जमिनीचे दाखले, रुग्णांची कागदपत्रे यांसाठी ही वही वापरता येईल का, असे विचारले जाऊ लागले. अमेरिकेतील एका बड्या दुकानमालिकेचा, वॉलमार्टचा, आंब्याचा प्रयोग प्रसिद्ध आहे. दुकानातल्या आंब्याच्या फोडी कोणत्या बागेतून आल्या हे जुन्या पद्धतीने शोधण्यास जवळजवळ सात दिवस लागले होते. नव्या वहीवरून २.२ सेकंदांत उत्तर मिळाले. ऐकून कोणालाही भूल पडेल. परंतु कोकणातल्या आपल्या भगिनींना मी एक विचारते. पेटी भरतानाच आंबा पायरीचा आणि नोंद हापूसची झाली, तर ती साखळी काय करील? ती खोटी नोंद ती इमानाने जन्मभर जपून ठेवील! पंडितांनी या प्रश्नाला ओरॅकलचा प्रश्न असे नाव दिले आहे. बाहेरच्या जगातली गोष्ट वहीत प्रथम लिहितो कोण, आणि त्याच्यावर विश्वास का ठेवावयाचा? वही आतून कितीही घट्ट असली तरी तिचे दार माणसाच्या हाती असते.

आपल्या राज्यातला दाखला घ्या. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ साली सुमारे ६५,००० जातप्रमाणपत्रांसाठी ही पद्धत योजली गेली. तिचा उपयोग खरा आहे. दाखल्यावर मागाहून कोणी खाडाखोड केली तर ती तत्काळ उघडी पडते आणि दूरच्या विद्यार्थ्याला दाखला खरा असल्याचे पटविण्यासाठी हेलपाटे घालावे लागू नयेत. परंतु मूळ दाखला योग्य माणसाला, योग्य चौकशी करून दिला की नाही, हे काम कचेरीतल्या माणसांचेच राहते. ते साखळीवर सोपविता येत नाही.

काही मोठे प्रयोग बंदही पडले. मेर्स्क आणि आयबीएम या दोन बलाढ्य कंपन्यांनी जहाजांवरील मालाच्या कागदपत्रांसाठी २०१८ साली सुरू केलेली साखळी बंद करीत असल्याचे नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केले. साऱ्या व्यवसायाने एकत्र यावे तसे सहकार्य मिळाले नाही, असे कारण त्यांनी दिले. यंत्र चालले होते. माणसांचे जमले नाही. मंडळ चालविणाऱ्या आपणां सर्वांना याचे नवल वाटू नये!

अशा अनुभवांतून संशोधनाचा सूर बदलत गेला. "ब्लॉकचेनने काय काय करता येईल?" याबरोबर "ब्लॉकचेन हवी तरी कशाला?" असे विचारले जाऊ लागले. झुरिकचे कार्ल व्यूस्ट आणि आर्थर जर्वे यांनी २०१७ साली "तुम्हांला ब्लॉकचेनची गरज आहे का?" याच नावाचा निबंध लिहिला. त्यांचे प्रश्न घरगुती भाषेत असे : जपून ठेवण्यासारखी नोंद आहे का? ती लिहिणारे अनेक आहेत का? सर्वांना मान्य असा एखादा विश्वासू मध्यस्थ मिळू शकतो का? लिहिणारे एकमेकांच्या ओळखीचे आहेत का आणि त्यांचा परस्परांवर विश्वास आहे का? आपली भिशी या परीक्षेला बसवून पाहा. नोंद आहे; पण लिहिणाऱ्या एकट्या खजिनदारबाई, त्या सर्वांना मान्य आणि सगळ्या जणी ओळखीच्या. उत्तर येते : आपल्याला साधी वही पुरे! मात्र ती दर महिन्याला सर्वांसमोर वाचून दाखवावी.

सध्याच्या संशोधनाचे आणखी दोन-तीन रोख थोडक्यात सांगते. पहिला विजेचा. पत्रांसाठी सुचविलेली ती गणिताची युक्ती बिटकॉइनमध्ये पान जोडण्याच्या कोड्यात आली आणि एखाद्या देशाच्या वापराशी तुलना व्हावी इतकी वीज त्यात जाऊ लागली. कोड्याऐवजी तारण ठेवून पान जोडण्याची पद्धत संशोधकांनी सुचविली, तिच्या सुरक्षिततेच्या सिद्धता मांडल्या, आणि १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने तीच पद्धत स्वीकारली. त्याचा विजेचा खर्च ९९ टक्क्यांहून अधिक घटला. बिटकॉइन मात्र जुन्याच पद्धतीवर आहे. दुसरा रोख गुप्ततेचा. शाफी गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांनी १९८५ साली एक चमत्कारिक वाटणारी कल्पना मांडली होती : गुपित न उघडता ते आपल्याजवळ आहे एवढे पटवून देणे. वय किती हे न सांगता अठरा पूर्ण आहेत एवढेच सिद्ध करणे, हा तिचा सोपा मासला. चाळीस वर्षांपूर्वीची ही कल्पना आज या क्षेत्रात फार जोमाने वापरात येत आहे. तिसरा रोख उद्याच्या भयाचा. क्वांटम संगणक पुरेसे बलवान झाले तर आजच्या सह्यांची कुलुपे उघडतील, म्हणून नवी कुलुपे घडविली जात आहेत. अमेरिकेने अशी पहिली मानके ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्या देशातही कानपूर, मुंबई, खरगपूर येथील आयआयटींत या विषयावर काम चालते.

आता त्या बाईंचे उत्तर. बाई, संशोधन खोटे नाही. वहीतला मजकूर मागाहून बदलू नये, लबाडांच्या गर्दीतही एकमत व्हावे, यासाठी थोर बुद्धीच्या माणसांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ केलेले ते काम आहे. परंतु मी वाचलेल्या एकाही निबंधात दरमहा निश्चित परतावा हे शब्द आढळले नाहीत. वही लिहिल्याने पैसा सुरक्षित नोंदला जातो. तो वाढत नाही. आणि भाच्याने बाईंच्या मोबाईलवरील पावत्या तपासल्या, तेव्हा आणखी एक गोष्ट उघडकीस आली. त्यांचे रुपये कोणत्याही साखळीत कधी गेलेच नव्हते. ते सरळ एका खासगी बँकखात्यात गेले होते. ब्लॉकचेन फक्त पत्रकावर होती.

म्हणून पुन्हा कोणी असे पत्रक घेऊन आले, तर संगणकाचे ज्ञान नाही म्हणून संकोचू नका. तीन प्रश्न विचारा. वहीत पहिली नोंद करणारा कोण, त्याचे नाव-गाव काय? माझ्या पैशाची नोंद त्याच्या पानावर नव्हे, तर इतरत्र मला स्वतंत्रपणे पडताळता येते का? आणि नफा येणार तो कोणत्या धंद्यातून? तिसऱ्या प्रश्नाला "ब्लॉकचेनमधून" असे उत्तर आले, तर चहा द्या आणि निरोप द्या. फसगत झालीच, तर लाजून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवा. जितकी त्वरा तितकी पैसे वाटेत अडविले जाण्याची आशा अधिक. आपल्या भगिनीने चार महिने कोणाला सांगितले नाही, ते पैशापेक्षा लोक काय म्हणतील या भीतीने. हे चार महिने त्या लबाडाला आपण फुकट दिले. यात दोष त्यांचा एकटीचा नाही. अशी गोष्ट निर्धास्तपणे सांगता यावी असे ठिकाण त्यांना आपल्यात दिसले नाही, हा आपलाही दोष आहे.

आज त्या बाई सभागृहात बसल्या आहेत. त्यांची तक्रार नोंदली गेली आहे. पैसे अद्याप मिळालेले नाहीत. मुलीच्या महाविद्यालयाचे पहिले शुल्क मात्र भरले गेले. या महिन्याची भिशी आपल्यापैकी जिच्या नावाने निघाली, तिने आपली पाळी त्यांना दिली. वहीत त्याची नोंद आहे, आणि ती सर्वांसमोर वाचून दाखविली गेली आहे.